काळ्या रेघांचा डबा

"उमटल्या! रेघा उमटल्या!" ऑपरेशनच्या मजल्यावर बाकांवरचे सगळे नातेवाईक उठून उभे राहिले. हातात सिद्धी आहे म्हणतात त्या बापूंनी ऑपरेशनच्या हत्यारांचा गुंडाळलेला डबा उंच धरला. मघाशी त्याच्यावरची तपासणीची चिकटपट्टी कोरी होती. बापू डबा घेऊन शेजारच्या खोलीत जपाला बसले, आणि बाहेर आले तेव्हा पट्टीवर काळ्या रेघा!

"हाताच्या तेजानं जंतू जळाले, बाळांनो. ही त्यांची राख!"

राख म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याच दवाखान्यात हत्यारं धुऊन वाफेच्या यंत्रात घालण्यात माझी बावीस वर्षं गेली. आणि आज आत गुडघा बदलायला माझी सख्खी वहिनी टेबलावर पडून होती. डबा दुसऱ्या दवाखान्यातून उसना आणि उशिरा आलेला. धुणं आणि वाफ मिळून चार तास लागतील म्हटल्यावर दादानं तो परस्पर बापूंकडे नेला होता.

"अगं, सोड आता," दादा म्हणाला. "भूल द्यायला थांबलेत. आजची तारीख गेली तर महिनाभर ती अशीच कण्हत राहणार!"

"डबा आत जाणार नाही, दादा."

"तिच्या जिवावर उठलीस का तू?"

फार लागलं ते. मी तडक त्या खोलीत गेले. बापूंच्या पिशवीमागे वाफेची इस्त्री होती, अजून तापलेली. ती बाहेर आणली, माझ्याकडची तसलीच पट्टी पुठ्ठ्यावर चिकटवली आणि इस्त्री दाबून धरली. रेघा काळ्या झाल्या.

"घ्या, मलाही तेज चढलं!"

कोणीतरी फिसकन हसलं. बापू गरजले, "तुझ्या यंत्रातही पट्टी अशीच काळी होते ना?"

"होते. बाहेरून ताप लागला, एवढंच ती सांगते. आत वाफ पोचली का, ते आत ठेवलेली पट्टी सांगते."

मी डबा उघडला. आत पट्टीच नव्हती. हाडाला भोक पाडायच्या पोकळ हत्यारात ब्रश फिरवला, तर तांबूस, वाळका कण पुठ्ठ्यावर पडला.

"हे काय?" दादानं वाकून पाहिलं.

"आधीच्या पेशंटचं हाड. वहिनीच्या गुडघ्यात पू झाला असता. नवा सांधा उपसून काढावा लागला असता, कदाचित पायही."

दादानं डबा माझ्याकडे सरकवला. बापूंनी तेवढ्यात जिना गाठला. दारात उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "धुवा. मी थांबतो."

चार तास दादा यंत्रासमोर स्टुलावर बसून होता. मी आत ठेवलेली पट्टी काळी झालेली त्यानं स्वतः पाहिली, मगच उठला.

तुमचं माणूस आत जाताना हात जरूर जोडा, माझी ना नाही. पण एवढं विचारा: हत्यारं धुतली का, आणि आतली पट्टी कोणी पाहिली? या प्रश्नाचा ज्याला राग येईल, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.