बाईंच्या बंपरची शिवण

गल्लीत त्यांना सगळे गाडीवाल्या बाई म्हणत. अर्ध्या वस्तीला त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती, आणि शिकवताना उरलेल्या अर्ध्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. अशा बाईंनी एका रविवारी सकाळी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, गाडी मागे घेतली ती थेट स्वतःच्या फाटकाच्या खांबावर. मागच्या बंपरला कोपऱ्यापासून नंबरप्लेटपर्यंत चीर गेली.

खांबाला दोष द्यावा असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण तो तिथे बाईंच्याच हट्टाने उभा केलेला होता.

गॅरेज कोपऱ्यावरच होतं, पण गॅरेजवाला त्यांचा जुना विद्यार्थी. मागे न बघता गाडी घेतली म्हणून बाईंनी त्याला भर चौकात फैलावर घेतलं होतं. त्याच्यापुढे हा बंपर कुठल्या तोंडाने न्यायचा? त्यापेक्षा घरीच सांधू, असं त्यांनी ठरवलं. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस गुणगुणत, गप्पा मारत प्लास्टिक वितळवून बंपर जोडत होता. त्यात काय एवढं, बाईंना वाटलं.

बंपर काढताना दोन क्लिपा तुटल्या. पुढे अंगणात स्टुलावर बंपर पालथा घालून, मुलाचं सोल्डरिंग आयर्न तापवून बाई कामाला बसल्या. बंपर दाबून धरायला सासूबाई आल्या. भरायला प्लास्टिक हवं म्हणून बाईंनी जुन्या निळ्या बादलीच्या पट्ट्या कापल्या. धूर निघाला, नाकातोंडात गेला, बाईंच्या ओढणीला भोक पडलं. पण चीर बुजली. सासूबाईंना दाखवायला म्हणून बाईंनी जोडावर जरा अंगठा दाबला, तर निळी पट्टी खपलीसारखी अख्खी हातात आली.

सासूबाईंनी ती पट्टी घेऊन उरलेल्या बादलीत टाकली.

बाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. तो माणूस सुरुवातीलाच सांगत होता, की जोडायला त्याच जातीचं प्लास्टिक लागतं आणि ती जात बंपरच्या आत छापलेली असते. नेमका तेवढाच भाग बाईंनी कंटाळून पुढे ढकलला होता. एखाद्या शिष्याने असं केलं असतं तर त्याची काही खैर नव्हती. आता मात्र शिष्या आणि गुरू एकाच स्टुलापाशी बसल्या होत्या, आणि ओरडायचं कुणी हा प्रश्न होता.

मग त्यांनी बंपरच्याच आतल्या, न दिसणाऱ्या कडेच्या बारीक पट्ट्या कापल्या. चीर खरवडून खाच केली आणि बोटभर बोटभर पुढे सरकत दोन्ही कडा आणि पट्टी एकत्र वितळवत गेल्या. घाई केली की जोड कच्चा राही, हात रेंगाळला की खड्डा पडे. संध्याकाळपर्यंत जोड धरला. आतून तो पक्का होता. बाहेरून एखादा लठ्ठ सुरवंट बंपरवर झोपल्यासारखा दिसत होता. पॉलिश पेपर घासून घासून बाईंचे हात दुखले, सुरवंट तेवढा जरा रोडावला.

एवढं करून बंपर बसेना, कारण क्लिपा तुटलेल्या. त्या मिळणार गॅरेजमध्येच. शेवटी बाईंनी बंपर दोरीने बांधला, सासूबाईंना शेजारी बसवलं आणि गाडी कोपऱ्यावर नेली.

गॅरेजवाल्याने वाकून जोडावरून बोट फिरवलं. "कुठल्या शिष्याने ठोकली, बाई?"

"मी," बाई म्हणाल्या. मग उगाच पुस्ती जोडली, "आमच्याच फाटकाला."

"आणि हे जोडलं कुणी?"

"तेही मीच."

तो हसला नाही, हे बाईंना हसण्यापेक्षा जड गेलं. क्लिपा बसवून त्याने बंपर ओढून पाहिला. "शिवण दणकट आहे," तो म्हणाला. "पण बाई, हा धंदा काही तुमचा नाही. तुम्ही आपल्या शिकवत राहा. ठोकलेल्या गाड्या मी बघतो."

बाईंना इतकं हसू आलं की आत बसलेल्या सासूबाईंनी काच खाली करून काय झालं ते विचारलं.

निघताना गॅरेजच्या अरुंद दारातून गाडी मागे घ्यायची होती. बाईंनी गॅरेजवाल्याला हाक मारली आणि मागे उभं राहायला सांगितलं. त्याने हात वर केला, आणि त्याचा हात हलेल तशी बाईंनी गाडी मुकाट्याने हळूहळू मागे घेतली.