शंभराच्या घरात

पूर्णिमाने रंगवायला सुरुवात केली ती एकच्या घरापासून, दारापाशी. सापशिडी म्हटली की एकपासूनच, यात काही चुकतंय असं तिला वाटलंच नाही. फोपनारच्या अंगणवाडीची अख्खी फरशी तिला दिली होती. घरं मोठाली, सोंगट्या मुलांनीच व्हायचं. आता बाईसाहेब शंभराच्या घरात, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभ्या, आणि दारापर्यंत सगळा ऑइलपेंट ओला! खिडकीला गज. पेंटरने आत शिरताच आधी दार कुठे आहे ते पाहिलं असतं. हिने खेळ कुठून सुरू होतो ते पाहिलं.

दारात तिचा भाऊ दीपक उभा होता, चोपड्याहून तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला आलेला. त्याच्यामागे सासू, मनकर्णाबाई. 'आधी रंग पुरा कर, मंग जाय माहेरले,' हे त्यांचंच. उद्या आखाजी, आणि सणाच्या दिवशी सून उंबरा ओलांडत नाही, हेही त्यांचंच. म्हणजे आज नाही तर थेट पुढच्या वर्षी. गेली दोन वर्षं असंच काहीतरी निघालं होतं.

"ताई, चल ना यार! लास्ट बस हाय. रंगच तं हाय, चालत ये."

पूर्णिमाने पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. समोर तिचा मोठा साप पसरला होता, एकेक खवला वेगळा काढलेला. लग्नानंतर तिच्या हातून रांगोळीशिवाय काही उतरलं नव्हतं, आणि रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडली जायची. हे राहणार होतं. तिला रडू फुटलं. सासूने अडवलं असतं तर मनातल्या मनात चार शिव्या तरी घातल्या असत्या. स्वतःच्या चित्राला काय म्हणणार?

"सकाळपर्यंत सुकू दे," मनकर्णाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "एवढं छान काढेल हाय. कोन बिघाडते का?"

सासूच्या तोंडून कौतुक! पूर्णिमाचे डोळे खाडकन उघडले. तिने डोळे पुसले, साडी वर खोचली आणि पाऊल टाकलं, थेट खवल्यांवर. पाय चिकटत होते, जीव तुटत होता, पण ती थांबली नाही. दाराशी पोचली तेव्हा तळवे हिरवेगार झाले होते.

"आता हे कोन नीट करीन?" मनकर्णाबाई ओरडल्या.

"मीच. आल्यावर."

"कधी येशीन?"

आजवर हे त्या सांगत आल्या होत्या. आज त्यांना विचारावं लागलं.