पंचवीस ग्रॅमचा हात

माझी एकूण लांबी एका पेन्सिलीएवढी. त्यातला कामाचा भाग मात्र पंधरा मिलिमीटरचा. त्या पंधरा मिलिमीटरांवर पंधरा बारीक रेघा आहेत आणि तीन काळे पट्टे. पहिला पट्टा चार ते पाचच्या मध्ये. हे पट्टे आता पुसट झाले आहेत, कारण मी एक जुनी मोजसळई आहे, मित्रांनो. दातांचे डॉक्टर मला प्रोब म्हणतात. नाव ऐकून तोंड मिटू नका. मी कोरत नाही, घासत नाही, उपटत तर नाहीच. मी फक्त मोजते.

निरोगी हिरडी दाताला बिलगून असते. दातावर किटण साचले की ती रुसते, सुजते आणि दातापासून सुटते. मध्ये खाच पडते. ही खाच आरशात दिसत नाही आणि बरेचदा दुखतही नाही. दात हलायला लागला की माणसाला कळते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. त्या खाचेत उतरून तळाला टेकायचे आणि खोली सांगायची, हे माझे काम. दोन-तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. काळा पट्टा हिरडीआड गेला की खोली पाच, आणि पाच म्हणजे काळजी.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. तिथे भिंगाचा चष्मा लावलेली एक बाई आम्हा बारा बहिणींना एकेक करून उजेडात धरत होती. "ही चांगली. ही चांगली. ही खोटं बोलेल, टाक." आमच्यातल्या दोघी कचऱ्याच्या डब्यात गेल्या. त्यांची चौथी रेघ केसभर सरकलेली होती. मी वाचले. सरळ असणे हा माझा गुण नाही, तो माझ्या नोकरीची अट आहे, हे मला त्या दिवशीच समजले.

तिथून मी डुलुथ या बंदराच्या गावी आले. टेकडीच्या उतारावर डॉक्टर मारेन टॉलेफसन यांचा दवाखाना आहे. खिडकीतून समुद्राएवढे तळे दिसते, आणि लोहखनिजाची बोट कालव्यात शिरली की पुलाचा भोंगा खुर्चीपर्यंत ऐकू येतो. दात साफ करायचे आणि हिरड्या मोजायचे काम लॉर्ना कांगस करायची. मी तिच्याच हातात वाढले. मोजलेले आकडे लिहून घ्यायला अर्डिस होती. साठी ओलांडलेली, तीस वर्षे त्याच टेबलाशी बसणारी, आणि जिभेला लगाम नसलेली.

दर पेशंटनंतर मला एकशे चौतीस अंशांच्या वाफेत बसवत. तक्रार नाही. स्वच्छतेचे काम करणाऱ्याने आधी स्वतः स्वच्छ असावे.

२०१६ साली आमच्या दवाखान्याने एका संशोधनात भाग घेतला. अकरा दवाखाने आणि एकशे शहाऐंशी पेशंट. प्रश्न एकच होता. मुळापर्यंत खोल सफाई केल्यावर हिरडीच्या खाचेत एक नवे औषधी जेल भरले, तर खाच जास्त भरून येते का? उत्तर निघावे म्हणून प्रत्येकाच्या तोंडात एका बाजूला खरे जेल आणि दुसऱ्या बाजूला बिनऔषधाचे साधे जेल भरायचे होते. नळ्यांवर फक्त अ आणि ब. कुठले खरे ते दवाखान्यात कोणालाच ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नाही. ठाऊक झाले की मोजणाऱ्याची नजर फितूर होते.

आणखी एक अट होती. मला खाचेत उतरवताना हाताचा जोर पंचवीस ग्रॅमचाच हवा. एक लहानसे लिंबू तळहातावर ठेवल्यावर लागतो तेवढा भार. जास्त दाबले तर मी तळाच्या पुढे घुसते आणि आकडा फुगतो. कमी दाबले तर मी वरच अडकते आणि आकडा कमी भरतो. म्हणून लॉर्नाने खणात एक छोटा तराजू ठेवला. ती रोज सकाळी माझे टोक त्यावर दाबायची. तेवीस. सत्तावीस. पंचवीस. तीन आठवड्यांत तिचा हात बसला. मग विद्यापीठाचा माणूस आला, त्यानेही तेच तोंड मोजले, आणि दोघांचे आकडे जुळले. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. कौतुक तिचे झाले, पण अर्धे माझेच होते.

एप्रिलमध्ये एइनो हापाला नावाचे पेशंट आले. वय एकाहत्तर. सगळे आयुष्य खनिजाच्या बोटीवर आचारी, आणि चाळीस उन्हाळे गावाच्या बँडमध्ये कॉर्नेटवादक. कॉर्नेट हे तुतारीच्या कुळातले पितळी वाद्य; त्याचे तोंड ओठांवर टेकते आणि ओठ पुढच्या दातांवर. एइनोंचे वरचे पुढचे दोन्ही दात हलत होते.

"दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाका, कवळी बसवा," ते म्हणाले. "कवळी लावून कॉर्नेट म्हणजे बर्फावर चपला घालून हॉकी. मी खेळीन हो, पण बघवेल का तुम्हाला?"

लॉर्नाने मला उतरवले. उजवा पुढचा सहा, डावा पुढचा सात. दोन्हीकडे रक्ताचा ठिपका.

डॉक्टरांनी आकडे पाहिले. "लगेच काढायचे नाहीत. खोल सफाई करू, जेल भरू, नऊ महिने बघू. पण घरचं काम तुमचं. रोज रात्री प्रत्येक फटीत हा बारीक ब्रश."

"बोटीवर आम्ही काडी वापरायचो."

"म्हणूनच इथे आलात," अर्डिस लिहिता लिहिता म्हणाली.

एइनोंनी ब्रश मनावर घेतला. ते मनातल्या मनात एक अख्खी कूच, म्हणजे बँडची संचलनाची धून, वाजवायचे आणि ती संपेपर्यंत ब्रश खाली ठेवायचे नाहीत. जुलैत आले तेव्हा उजवा चारावर आला होता, डावा सहावर. मात्र त्यांच्या तोंडाला दुसरा रोग होता. गप्प बसवत नसे.

"पोरी, एक सांगू? डावीकडचं जेल खरं होतं. कडू लागलं."

"एइनो, सांगू नका."

"लवंगेसारखं कडू."

"तोंड उघडा आणि बोलणं बंद. माझे कान सध्या विद्यापीठाच्या मालकीचे आहेत."

"त्यांना सांग, माझी जीभ फुकट देतो."

"ती कोण घेणार!" अर्डिस म्हणाली.

अशी ती माणसे, मित्रांनो. त्यांच्यात राहून माझ्या पोलादालाही ऊब आली असावी.

जानेवारीत शेवटची मोजणी होती. तळे गोठलेले, बाहेर उणे सव्वीस, आणि एइनो धुरावलेला व्हाइटफिश मासा कागदात गुंडाळून घेऊन आले. सगळ्या दवाखान्याला तो वास लागला. बँडच्या म्होरक्याने त्यांना विचारले होते, जूनच्या पहिल्या कार्यक्रमात एकट्याने वाजवायचा तुकडा आहे, घेणार का? त्यांनी उत्तर अडवून ठेवले होते. डॉक्टरांचा नियम त्यांना पाठ होता. चार आणि रक्त नाही, तर दात मोकळा. पाच आणि रक्त, तर पुढचा इलाज.

लॉर्नाने उजवा दात मोजला. "तीन." एइनोंच्या भुवया वर गेल्या. मग ती डाव्या दाताकडे वळली, आणि मला तिच्या बोटांत काहीतरी वेगळे जाणवले. मी खाचेत उतरले, मऊ हिरडीला लागले आणि थांबले. पण मी तळाला टेकलेच नव्हते. माझ्याखाली अजून जागा होती. मला ती कळत होती आणि मला वाचा नव्हती. काळा पट्टा सगळाच्या सगळा हिरडीबाहेर दिसत होता.

"चार," लॉर्ना म्हणाली. "रक्त नाही."

एइनोंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. तोंड उघडे ठेवूनच त्यांनी कसलीशी आरोळी ठोकली. अर्डिसने चार लिहिले. मग तिने चष्म्यावरून पाहिले.

"लॉर्ना, मोजतेयस की गोंजारतेयस?"

"म्हणजे?"

"नऊ महिने तुझा हात बघतेय. सफरचंदाचा केक भाजला की नाही ते तू याहून जोरात बघतेस."

लॉर्ना हसली. मग हसणे थांबले. तिने खण उघडला, तराजू टेबलावर ठेवला, आणि आता जसा लावला होता तसाच हात लावून माझे टोक त्यावर टेकवले.

बारा.

तिने पुन्हा केले. तेरा.

एइनोंनी तोंड मिटले. मला वाटते, तो त्या वर्षातला पहिलाच प्रसंग.

लॉर्नाने हातमोजे बदलले, हात झटकला, मला पुन्हा तराजूवर धरले. एकवीस, चोवीस, पंचवीस, पंचवीस. मग म्हणाली, "उघडा." या वेळी मी सरळ खाली गेले. मऊ जागा ओलांडली आणि तळाला टेकले. काळा पट्टा हिरडीआड बुडाला. मी बाहेर आले तेव्हा मागे रक्ताचा ठिपका उभा होता.

"पाच," ती म्हणाली. "रक्त आहे."

आता अर्डिसने खोडरबर उचलला नाही. संशोधनात पहिला आकडा पुसता येत नाही. त्यावर एकच रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा, तारीख, सही आणि कारण. लॉर्नाने कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले: हात हलका पडला.

"दहा मिनिटांपूर्वी मी बरा होतो," एइनो म्हणाले.

"दहा मिनिटांपूर्वी मी चुकत होते. तुम्ही बरे नव्हतात."

"एक मिलिमीटरच ना? आगपेटीच्या काडीच्या जाडीएवढाही नाही."

"असेल. पण त्याच्या तळाशी काय आहे ते मला माहीत नाही. आणि एइनो..." तिने मला तबकात ठेवले. "मला तुमचं ते कॉर्नेट ऐकायचं होतं. म्हणून ही चूक झाली."

म्हाताऱ्याने छातीवरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाला, "मग नीट ऐक. घाईघाईचं कशाला?"

फेब्रुवारीत डॉक्टर टॉलेफसन यांनी त्या जागची हिरडी किंचित उघडली. सफाई बाहेरून तिथे का पोचली नव्हती, त्याचे कारण समोर आले. मुळाच्या एका बारीक खोबणीत मोहरीएवढा किटणाचा खडा घट्ट बसला होता. "चार म्हणून सोडून दिलं असतं, तर पुढच्या वर्षी हा दात माझ्या हातात आला असता," डॉक्टर म्हणाल्या. खडा निघाला, चार टाके पडले. दोन महिने कॉर्नेट बंद. त्या काळात एइनोंनी म्हणे बायकोला शिट्टीवर अख्खा कार्यक्रम वाजवून दाखवला आणि तिने त्यांना कोंबड्यांच्या खुराड्याकडे पिटाळले.

मला त्या जागी जायला चार महिने मनाई होती. जूनमध्ये एइनो आले ते कॉर्नेटची पेटी घेऊनच. लॉर्नाने आधी खण उघडला. तराजू. पंचवीस. मग त्यांचे तोंड.

"तीन. रक्त नाही."

"तराजू?" अर्डिसने विचारले.

"समोर तर दाबला! आंधळी झालीस?"

"विचारायचं काम आहे माझं."

एइनो खुर्चीतून उठलेही नाहीत. कॉर्नेट काढले, ओठांना लावले आणि तो जूनमधला तुकडा आमच्यासमोर वाजवला. सर्वांत वरचा सूर लागला तेव्हा स्टीलच्या तबकात आम्ही सगळे थरथरलो. आरसा, चिमटा आणि मी. बाहेर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. कदाचित त्यांना वाटले असेल, दात काढल्यावर इथे असे करतात.

दीड वर्षाने विद्यापीठाचे पत्र आले. जेलने काही फरक पडला नव्हता. खरे जेल आणि साधे जेल, दोन्ही बाजू सारख्याच सुधारल्या होत्या. सुधारणा खोल सफाईने झाली होती आणि रोजच्या ब्रशने. "एवढी धडपड वाया गेली," असे कोणीतरी म्हणाले. डॉक्टर टॉलेफसन पत्र वाचून चांगल्या खुशीत होत्या. "वाया कसली? आता लोकांच्या हिरडीत उगाच काही भरायला नको, हे कळलं." एइनोंना त्या कडू चवीचे विचारले तर ते म्हणाले, "मग ती अर्डिसची कॉफी असेल."

वाफेने माझ्या रेघा पुसट होत गेल्या, तशी मला पेशंटच्या तोंडातून निवृत्ती मिळाली. ते योग्यच झाले. पुसट रेघांची सळई खोटे बोलेल. काही महिने मी खणात आडवी पडून होते आणि कोणी विचारले नाही. अर्डिसने एकदा मला पेनांच्या बरणीत खोचले आणि केक तपासायला घरी नेते म्हणाली, तेव्हा लॉर्नाने तिच्या हातावर चापट मारली. आता मी तराजूशेजारी असते. दवाखान्यात नवी येणारी प्रत्येक मुलगी आधी माझ्यावर हात बसवते. सतरा. तीस. "पुन्हा," लॉर्ना म्हणते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे मागणे छोटे आहे. रात्री झोपण्याआधी फटींतून ब्रश फिरवा, कूच लांबलचक निवडा. आणि तुमच्यावर माया करणाऱ्याच्या हातात मोजसळई असेल, तर त्याला पूर्ण पंचवीस ग्रॅमच्या जोराने मोजू द्या.

उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी खालच्या बागेत बँड असतो आणि आमची खिडकी उघडी असते. परवा एक नवी मुलगी तराजूवर माझे टोक दाबत होती, तेवढ्यात एकटे कॉर्नेट टेकडी चढून वर आले. मुलगी थांबली. "किती सुंदर वाजवतंय कोणीतरी."

"तो पाच आहे," लॉर्ना म्हणाली. "मी आधी चार सांगितला होता. चल, पुन्हा दाब."