नावीन्याची वेलांटी

मास्तरांनी जन्मभर भाषा शिकवली आणि निवृत्त झाल्यावर ते साऱ्या जगाच्या चुका काढायला मोकळे झाले. मुलाचं फर्निचरचं दुकान होतं, ‘नावीन्य’. नाव मास्तरांनीच ठेवलेलं. पण इंटरनेटवर दुकानाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत होता, आणि तो दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. उसना कोट घालून बोहल्यावर चढायची हौस, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

आपल्या लिपीतही पत्ते मिळू लागल्याचं कळलं, तसे ते हात धुऊन मुलाच्या मागे लागले. त्याने कंटाळून जुना पत्ता बंद केला आणि नवा घेतला, अर्थातच दीर्घ ‘वी’चा. लोक पहिलीच वेलांटी देतात, तेव्हा तसाही एक पत्ता घेऊन ठेवू, असं सूनबाईंनी सुचवून पाहिलं. चुकीला घर बांधून द्यायचं नसतं, म्हणून मास्तरांनी तिला गप्प केलं.

गिऱ्हाइकं रोडावली. पत्ता उघडत नाही, अशी जो तो फोनवर कुरकुर करी. एका बाईंना मास्तरांनी विचारलं, वेलांटी कोणती दिलीत? त्या म्हणाल्या, पहिली.

“आधी लिहायला शिका, मग कपाट घ्या,” म्हणत मास्तरांनी फोन आपटला. मुलगा शेजारीच उभा होता. त्याने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

पुढे भलतंच घडलं. पहिल्या वेलांटीचा पत्ता उघडू लागला आणि त्यावर मागच्या गल्लीतल्या गादीवाल्याचे सोफे दिसू लागले. मास्तर तडक त्याच्या दुकानात गेले. गादीवाल्याने उठून खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

“चोरी करायची, तीही अशुद्ध?”

“अशुद्ध आहे हे माहीत आहे, सर,” गादीवाला म्हणाला. “याच शब्दापायी तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं होतंत. पोरं फिदीफिदी हसली. पण हसणाऱ्यांनीही तसाच लिहिला होता, हे मी जाता जाता पाहिलं.”

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हा कोणत्या वर्षीचा, काही केल्या आठवेना. बाहेर काढलेल्यांचे चेहरे त्यांनी कधी लक्षातच ठेवले नव्हते. ते माघारी फिरले.

मुलाने त्यांना न विचारताच इंग्रजी पत्ता पुन्हा चालू केला. हळूहळू गिऱ्हाईक परतलं. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही, कोणी चुकत नाही, असं सूनबाई जेवताना सहज बोलून गेल्या.

“म्हणूनच ती अडाण्यांची सोय,” मास्तर म्हणाले. कोणी मान वर केली नाही. त्यांनी स्वतःच उठून पाणी घेतलं.