विसावं डोकं

मोठ्या बाईंच्या शाळेचा पट होता वीस. विसातलं एक जरी पोर कमी झालं तर शाळेला टाळं आणि मुलांची रवानगी हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत, असा वरून हुकूम आला होता. सोबतच्या तक्त्यात रकाने भरपूर: मुली किती, मुलगे किती, घरी भाषा कोणती, आईबाप बांधकामावर की कारखान्यात. एवढ्या मोजक्या पोरांत घरच्या भाषा पाच निघाल्या, पण तपासणीच्या साहेबांना त्याचं काय कौतुक! त्यांना डोकी मोजायची होती, तीही ठरलेल्या एकाच दिवशी.

त्याच्या आठवडाभर आधी बडबडीची आई दारात येऊन उभी राहिली. बडबडी म्हणजे तिसरीतली पोरगी, पाढे म्हणता म्हणता घरातल्या चार गोष्टी सांगून मोकळी होणारी.

"बाई, हिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. हिच्या बाबांना लांबच्या गावी कायमचं काम लागलंय, खोलीपण घेतलीय. तिथल्या शाळेत एकच जागा उरलीय. लवकर दाखला आणा म्हणालेत."

"शिक्क्याचं रबर निघालंय हो," बाई म्हणाल्या. "दुरुस्तीला दिलाय. सोमवारी या."

शिक्का टेबलाच्या खणात धडधाकट होता. सोमवारी आई आली तेव्हा बाईंनी साहेबांची सही राहिल्याचं सांगितलं, त्यानंतर आली तेव्हा आणखी काहीतरी. आई दरवेळी "बरं" म्हणून परत जायची. शाळेतल्या बाई खोटं बोलतील हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. भांडली असती तर बाईंनी कदाचित मुकाट्यानं दाखला लिहून दिला असता.

एका पोरीची चार दिवसांची खोटी, की बाकीच्यांची शाळा? बाईंनी मनाशी हिशेब मांडला आणि उत्तर हवं तसंच आलं. मन मात्र दाढ काढण्याआधी भूल दिलेल्या गालासारखं झालं होतं. चहा पोटात जात होता, पण चव कळत नव्हती.

ठरल्या दिवशी साहेब आले. पोरांना व्हरांड्यात रांगेत उभं करून त्यांनी एकेकाच्या डोक्याला पेन्सिल टेकवली. बडबडी शेवटी होती.

"वीस," साहेब म्हणाले. "वाचलात बाई."

लहान वर्ग सांभाळणाऱ्या धाकट्या बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. आता तरी काही वाटेल म्हणून मोठ्या बाई थांबून राहिल्या, पण काहीच वाटलं नाही. मग त्या फळा पुसायला लागल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आईला बोलावून दाखला हातात दिला. आईनं तो पदराखाली जपून धरला आणि पुन्हा पुन्हा आभार मानले.

चारच दिवसांत ती पोरीला घेऊन परत आली.

"ती जागा भरली हो बाई. पुढच्या वर्षी या म्हणाले. मला तर जायलाच हवं, त्यांची तिकडे जेवणाची आबाळ होतेय, आणि माझंही काम ठरलंय. वर्ष बुडायला नको म्हणून हिला माझ्या बहिणीकडे ठेवतेय. घ्याल ना परत? तुमच्याच भरवशावर आहे ती."

"घेते की," बाई म्हणाल्या.

आई गेली. बडबडी आपल्या जागेवर जाऊन बसली. पाढे आले, कविता आली, पण पोरीनं तोंड उघडलं नाही. बाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. एवढ्याशा वर्गात ते किती जमणार?

मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले आणि ती टेबलापाशी आली.

"बाई, मी त्या दिवशी नसते तर शाळा बंद झाली असती ना?"

"कोण म्हणालं?"

"धाकट्या बाई. म्हणाल्या, तू विसावी, तुझ्यामुळे शाळा राहिली." पोरीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी हललं. "खरंय का?"

"खरंय."

"मग आज आईचा फोन आला की तिला सांगू? तिला माहीतच नाहीये."

बाईंची भूल उतरली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना नीट दुखलं.

"सांग," त्या म्हणाल्या.