गती दिसत नाही

फरहत अत्तार यांना कायम व्हायचे होते. खडकीच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून त्यांची मुदत संपत आली होती आणि संस्थेच्या गुणवत्ता कक्षाने त्यांचा एक तरी ‘कृतियुक्त पाठ’ मंजूर केल्याशिवाय हेडसर त्यांच्या अहवालावर सही करू शकत नव्हते. मंजुरीची पद्धत सोपी होती. पाठ घ्यायचा, फोटो काढायचा, ॲपवर चढवायचा. व्हिडिओ चालत नसे. त्याने ॲप दमते, असे कक्षाचे म्हणणे होते.

फरहतनी नववीचा ‘गतीचे नियम’ हा धडा निवडला आणि स्टाफरूममधला कॅरम वर्गात आणवला. क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. कोऱ्या बोर्डावर स्ट्रायकर निम्म्यातच थांबला. पावडर टाकल्यावर तो समोरच्या कडेला जाऊन आपटला.

“दुसऱ्यांदा मी जास्त जोर लावला का?” त्यांनी विचारले.

“नाही मॅडम. पावडरने ढकलला,” चेतन म्हणाला.

“पावडर कशी ढकलेल? ती फक्त घर्षण कमी करते. कुणी अडवलंच नाही, तर चालती वस्तू चालतच राहते. चालत राहायला बल लागत नाही. थांबवायला लागतं, वळवायला लागतं.”

“आमच्या आजोबांच्या बोलण्यासारखं,” पूर्वा म्हणाली.

वर्ग हसला. धडा पोचला, असे फरहतना वाटले. स्ट्रायकर बोर्डाच्या मधोमध असताना काढलेला फोटो त्यांनी चढवला. संध्याकाळी शेरा आला: ‘गती दिसत नाही. नामंजूर.’

शेरा कक्षप्रमुख वैजनाथ देव यांचा होता. आयुष्यभर इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते आणि मग संस्थेने त्यांच्याकडे गुणवत्ता सोपवली होती. फरहतनी फोन लावला.

“स्ट्रायकर जागेवरच आहे, मॅडम,” वैजनाथ सर म्हणाले.

“सर, फोटोत सगळंच जागेवर असतं.”

“तसं कसं? तुमच्याच शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी ज्वालामुखी केला. धूर दिसला, आम्ही मंजूर केला.”

“गतीला धूर नसतो, सर.”

“तेच तर म्हणतोय मी.”

फरहतनी फोटोतल्या स्ट्रायकरला एक बाण काढला आणि पुन्हा चढवला. या वेळचा शेरा होता: ‘फोटोवर चित्रकला करू नये.’

दुसऱ्या दिवशी हेडसर उत्तरेश्वर कदमांनी त्यांना बोलावून घेतले. माणूस भला होता. शाळेत कुणाचेही काही अडलेले त्यांना बघवत नसे, विशेषतः त्याचा फोन त्यांना येणार असेल तर.

“अत्तार मॅडम, असं करू. स्ट्रायकर ठेवायचा मधे. भोवती पोरं तोंडं उघडी टाकून, हात पुढे करून उभी करायची. काहीतरी जोरात चाललंय असं वाटलं पाहिजे.”

“म्हणजे थांबलेली वस्तू चालतेय असं मी नववीला शिकवायचं?”

“नववीला नाही हो, वैजनाथ सरांना. त्यांची नववी झालेली आहे.”

“नाही जमणार, सर. फोटो काढीन तर चालत्या स्ट्रायकरचाच.”

“मग निदान मला फोटोत घ्या. हेडमास्तर दिसले की ते जरा सावकाश वाचतात.”

पाठ पुन्हा झाला. हेडसर कॅरमवर वाकून उभे राहिले. त्यांचा मान म्हणून चेतनने पावडरचा डबा जवळजवळ पालथा केला. फरहतनी स्ट्रायकर अगदी हलके सोडला. तो संथ, सरळ रेषेत सरकू लागला. वर्गातल्या अपुऱ्या उजेडात पूर्वाने फोनचे बटण दाबले, त्याच क्षणी हेडसरांना शिंक आली. दुसऱ्या फोटोला ते थांबायला तयार नव्हते. फरहतनी आहे तोच चढवला.

तासाभरात शेरा आला: ‘बल लागलेले स्पष्ट दिसते. मंजूर.’

फरहतनी फोटो मोठा करून पाहिला. पावडरवरून चाललेला स्ट्रायकर स्वच्छ, रेखीव, जणू चिकटवून ठेवलेला. हेडसरांच्या मानेच्या वर मात्र चेहऱ्याऐवजी एक पांढुरका फराटा. अहवाल घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या आणि फोन त्यांनी टेबलावर ठेवला.

हेडसरांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन फोटो पाहिला. “ही मंजुरी स्ट्रायकरची नाही. माझी आहे.”

“हो, सर.”

“आता तुम्ही कक्षाला काही कळवणार असाल.”

शेरा आल्यापासून फरहत याच विचारात होत्या. खोट्या शेऱ्यावर कायम होणे त्यांना नको होते आणि नोकरी हवी होती.

“कळवायला चूक सापडत नाही,” त्या म्हणाल्या. “स्ट्रायकर एकसारखा चालला होता, त्याच्यावर बल जवळजवळ नव्हतंच. तुमचं डोकं मात्र स्थिर होतं, ते शिंकेने एकदम पुढे गेलं. फोटोत खरं बल तिथेच लागलंय. शेरा बरोबर आहे.”

“म्हणजे वैजनाथ सरांना यातलं कळतं?”

“नाही. पण शेरा बरोबर आहे.”

हेडसरांनी आणखी चौकशी न करता सही केली, खाली तारीख घातली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

“अभिनंदन. पुढचा धडा कोणता?”

“कार्य आणि ऊर्जा.”

“त्याचा फोटो नको आता. तुम्ही कायम झालात.”

“मग नीट शिकवता येईल,” फरहत म्हणाल्या आणि तासाला गेल्या.