टाकीच्या अलीकडचा सूर्य

“सर, सूर्य टाकीच्या अलीकडे कसा काय उगवला?”

झिपरी हा प्रश्न विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. झिपरीने तो विचारला, आणि हातसुद्धा वर न करता विचारला. फोटो क्लबच्या वर्गातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं.

पडद्यावर शाळेच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ झळकत होतं. खाली झिपरीचं नाव, ठळक अक्षरांत. वर शाळेची इमारत, इतकी उजळ की पाटीवरचं नाव आंधळ्यालाही वाचता यावं. आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या बरोब्बर पोटावर, शर्टाच्या बटणासारखा चिकटवलेला एक गोल नारिंगी सूर्य.

“तुझा फोटो अंधारलेला होता,” सर म्हणाले. “इमारत नुसती काळी! मी ती उजळली. त्यात सूर्य पांढराफटक पडला, म्हणून दुसरा आणून लावला. करावं लागतं एवढं, बाळ.”

बाळ! झिपरीच्या डोक्यात तिडीक गेली.

त्या काळ्या इमारतीसाठी ती आठवडाभर समोरच्या गच्चीवर कुडकुडली होती, मावशीचा जुना कॅमेरा गळ्यात घालून. पहिल्या दिवशी तिने सगळं कॅमेऱ्यावर सोपवलं. तो अंधाऱ्या भिंती बघून घाबरला, त्याने भसाभसा उजेड आत घेतला आणि सूर्याचा झाला चुन्याचा डाग. मग तिने थेट सूर्यावरच नेम धरला, तर कॅमेऱ्याने असे डोळे मिटले की सकाळची मध्यरात्र झाली. शेवटी गोम सापडली. सूर्य चौकटीबाहेर ठेवायचा, शेजारच्या आभाळाचा उजेड मोजायचा, तो तसाच पक्का करायचा आणि मगच कॅमेरा वळवायचा. इमारत काळी होते? होऊ दे की! काळ्यातून थोडंफार वर काढता येतं. जळून पांढरं झालेलं काही केल्या परत येत नाही. हे तिला कळलं होतं. सरांना इतकी वर्षं शिकवूनही कळलं नव्हतं, कारण हा गृहस्थ पहाटे जागा होत असेल तर फक्त कूस बदलायला.

“पण सर, सूर्य टाकीच्या मागे होता. नुसती कड दिसत होती. तेच तर छान होतं!”

“मागचा सूर्य कुणाला दिसणार?” सर स्वतःच्याच विनोदावर खांदे उडवून हसले. चार खुशमस्करे त्यांच्याबरोबर हसले.

“मग माझा होता तसाच छापा ना.”

“मुख्याध्यापकांना पाटी वाचता यायला हवी. मुखपृष्ठ हवंय की नकोय, उद्या सांग. रांगेत बरेच आहेत.”

घरी आली तर आई फोनवर. “मुखपृष्ठावर हो, मुखपृष्ठावर! आतल्या पानांत नाही!” आत्या झाली होती, काकू झाली होती, आता मावशीची पाळी चालू होती. बाबा मोबाइलवर तेच चित्र दोन बोटांनी मोठं करून बघत होते.

“काय लख्ख आलाय गं! आणि सूर्य कसा मस्त गोल!”

“बाबा, तो टाकीच्या पुढे आहे.”

बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. “असेल. एवढं बारीक कोण बघतं?”

“मी बघते.”

आईने फोन ठेवला. “अगं, नाव आलंय ना तुझं? मग झालं तर! फोटो कोण बघतंय?”

भिंतीवरच्या पालीनेही अंग चोरावं, अशी नजर झिपरीने दोघांवर टाकली. एक गोल दिसला की खूश! उद्या टाकीवर ताट चिकटवलं तरी म्हणतील, लख्ख आलंय.

“उगाच हात दाखवून अवलक्षण करू नकोस हं,” आई म्हणाली. “सगळ्यांना कळवून झालंय.”

“मग परत कळव.” झिपरीने दप्तर खुर्चीत आदळलं. “उद्या मी सरांना सांगणार आहे, फोटो खुशाल छापा, पण खाली नाव तुमचं घाला. तो सूर्य तुम्ही उगववलाय, मी नाही.”